सोनेगावच्या धावपट्टीपलीकडे

फुफी आणि फुफाजींना हजसाठी सोडायला यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही वर्ध्याहून नागपूरला गेलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं आणि "मला कोण थांबवतं ते पाहते" म्हणत पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या नानी. पंच्याहत्तर किलोमीटरचा रस्ता. बुटीबोरी मागे पडलं की वर्धा रोडची दोन्ही अंगं बदलायला लागतात. लेआउटचे फलक, रंगीत झेंडे लावलेले प्लॉट, जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम, मग मिहानच्या काचेच्या इमारती. नानी दर वेळी विचारतात, "इथे संत्र्याच्या बागा होत्या ना रे?" आणि आम्ही दर वेळी "असतील" म्हणतो.

भालदारपुऱ्यातल्या हज हाउससमोर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, सगळा विदर्भ तिथे उतरलेला. कुणी बॅगांना रंगीत रिबिनी बांधतंय, कुणी आजोबांच्या गळ्यातलं ओळखपत्र सरळ करतंय. फुफी मात्र एकाच कामात गुंतलेली. भेटेल त्याचा हात धरून म्हणत होती, "काही बोलले चालले असेन तर माफ करा." घरून निघण्याआधी तिने गल्लीतली प्रत्येक पायरी चढून हेच केलं होतं. किराणावाल्याचे जुने दोनशे रुपये आठवून आठवून चुकते केले होते. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा असतो, हे आपल्याकडे हजला निघणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

नानींना त्यांच्या वडिलांची हज आठवली. ते मुंबईहून जहाजाने गेले होते. आधी रेल्वेने मुंबई, मग मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहत मुक्काम, मग समुद्र. घरचे निरोप द्यायचे ते परत भेट होईलच असं न धरता. हजची जहाजं १९९५ पर्यंत चालली, मग बंद झाली. पुढेही आपल्याकडच्या लोकांना मुंबई गाठावीच लागायची. आता विदर्भातला माणूस संध्याकाळी घरून निघतो आणि नागपुरातूनच विमानात बसतो. नानी म्हणाल्या, "किती सोपं झालं!" त्यात थोडी असूयाही होती.

वाट पाहताना मुलं कंटाळली तेव्हा फुफाजींनी त्यांना जवळ घेतलं. आयुष्यभर उर्दू शाळेत शिकवल्यामुळे दोन मुलं दिसली की त्यांचा वर्ग सुरू होतो. मदिन्यातल्या मस्जिदे नबवीबद्दल ते सांगू लागले. प्रेषितांच्या (स.) काळात ती खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेली होती. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना नमाजींची गर्दी वाढली आणि मशीद मोठी करायचं ठरलं. आजूबाजूची घरं विकत घेतली गेली. एक घर राहिलं, प्रेषितांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांचं. उमर यांनी तीन पर्याय दिले. बैतुलमालातून म्हणाल ती किंमत घ्या, किंवा मदिन्यात म्हणाल तिथे जागा घ्या, घर बांधून देतो, किंवा मुस्लिमांसाठी दान म्हणून द्या. अब्बास यांनी तिन्ही नाकारले.

"मग?" आमच्या धाकटीने विचारलं.

"मग काय, खलीफा आणि घरमालक दोघं मिळून उबई बिन कअब (रजि.) यांच्याकडे निवाड्याला गेले. निवाडा खलीफाच्या विरुद्ध लागला. मालकाची राजीखुशी नसेल तर मशिदीसाठीसुद्धा घर घेता येत नाही. उमर यांनी ते मान्य केलं. आणि निवाडा आपल्या बाजूने लागल्यावर अब्बास म्हणाले, आता घ्या, मी दान करतो."

थोरल्याला शेवट आवडला नाही. "आधीच द्यायचं होतं ना," तो म्हणाला. फुफाजी हसले, आणि तेवढ्यात बस आल्याची हाक झाली.

विमानतळावर नातेवाइकांना दाराबाहेरच थांबावं लागतं. रात्रीचे कितीतरी तास आम्ही बाहेर काढले. नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण रिक्षावाले अजून सोनेगावच म्हणतात. टर्मिनल तसं छोटंसंच आहे. हज आणि लग्नसराई एकदम आली की ते किती छोटं आहे ते कळतं. आमच्याजवळ एक टॅक्सीचालक भाऊ उभे होते. मुलांना विमान उडताना पाहायचं होतं, ते इथून दिसेना. भाऊ म्हणाले, "इथून का दिसते बाप्पा! सकाळी शिवणगावले जा. रनवेच्या त्या अंगाले. आमचंच गाव हाय. जेवढं राह्यलं तेवढं पाहून घ्या."

शेवटचं वाक्य त्यांनी इतकं सहज म्हटलं की आम्ही जाऊन पाहायचं ठरवलं.

नागपूरचं विमानतळ तसं नवखं नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इथे विमानं उतरायला लागली. देशाच्या मधोमध असल्याचा सगळ्यात सुंदर उपयोग १९४९ मध्ये झाला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चार दिशांची चार विमानं टपालाच्या थैल्या घेऊन रात्री नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चौघे आपापल्या गावी परत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. झिरो माईलचा दगड फोटोपुरता आहे असं वाटणाऱ्यांनी ही रात्रीची डाक आठवावी.

मधोमध असण्याचं हेच गणित पुढे मिहान झालं. २००२ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. कल्पना अशी की इथे मालवाहतुकीचं मोठं केंद्र, विशेष आर्थिक क्षेत्र आणि दुसरी, आणखी लांब धावपट्टी व्हावी. आजची धावपट्टी ३,२०० मीटरची, दुसरी ४,००० मीटरची. चार हजारांहून जास्त हेक्टर जमीन हवी होती. खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव, शिवणगाव, चिंचभुवन ही नावं तेव्हापासून वर्तमानपत्रात 'प्रकल्पग्रस्त' या शब्दाला चिकटून येऊ लागली.

विमानतळ स्वतः मात्र बरीच वर्षं कोर्टात अडकलं. २०१९ मध्ये जीएमआर कंपनीला काम मिळालं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने रद्द करण्याचा निर्णयच रद्द केला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची याचिकाही निकाली निघाली. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने कोनशिला बसली. आकडा सुमारे सात हजार कोटींचा. कंपनीचा खटला कंपनीने लढला आणि जिंकला. गावाचं तसं नसतं, गावात खटला लढणारा म्हातारा होऊन मरतो आणि वारस म्हणून मुलाचं नाव लागतं.

सकाळी तर्री पोहे खाऊन (नानींनी तर्री नको म्हटली आणि मग आमच्या ताटातली घेतली) आम्ही मिहानच्या रुंद रस्त्यांवरून शिवणगावला गेलो. आठ वाजताच ऊन टोचत होतं. गाव म्हणावं तर गाव होतं, कडुनिंब, हापशी, ओट्यावर वाळत घातलेल्या कुरड्या. काही घरं वसती, काहींची नुसती जोती उरलेली, चौकटी-दारं काढून नेलेली. एका भिंतीवर अजून देवळीतल्या दिव्याची काजळी होती.

ओट्यावर बसलेल्या एका आजींनी आम्हाला हाक मारली. कुणाकडे आलात, विचारलं. नानी सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोन म्हाताऱ्यांना ओळख व्हायला किती वेळ लागतो? पहिलं पाणी आलं, मग चहा.

"आमी इथं नांदाले आलो तवा इमान दिवसातून दोन-तीन यायचे," आजी सांगत होत्या. "पोरं धावत जायची पाहाले. आता कोणी वर पाहत नाही. जवारीचं वावर होतं आमचं, तिकडं, त्या भिंतीच्या..." आणि त्या थांबल्या. चेहऱ्यावर काही नाही, फक्त थांबल्या. दोन क्षणांनी आमच्या डोक्यावरून विमान गेलं, मुलांनी कान झाकले, नानींनी कपाळाला हात लावला. आवाज विरल्यावर आजी पुढे म्हणाल्या, "...त्या भिंतीच्या पल्याड." वाक्य होतं तिथूनच. मग आमच्या लक्षात आलं, गावात सगळेच असे बोलतात. विमान येण्याआधी त्यांना कळतं, आणि ते बोलणं हातातल्या कामासारखं बाजूला ठेवतात.

वावर गेलं तेव्हा पैसे मिळाले. ते दोन पोरींची लग्नं आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले. आता स्लॅबही जाणार. मुलगा मिहानमध्ये सुरक्षारक्षक आहे, कंत्राटी. "आपल्याच वावरावर राखण करते," आजी म्हणाल्या आणि खरंच हसल्या.

घर बदलायला त्यांची ना नव्हती. चिंचभुवनला पुनर्वसनाची जागा आहे, पुष्कळजण गेले. त्यांचा सवाल वेगळा होता. "जायचं हाय हे वीस वरीस झाले आयकतो. पोराचं लगन ठरलं तं घर बांधावं का नाई बांधावं? म्हैस घ्यावी का नाई? विहीर उपसावी का नाई? आज जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. घराले रंग देल्ला नाही मी वीस वर्साचा." आमच्यातल्या गृहिणीने भिंतींकडे पाहिलं. रंग खरोखरच नव्हता. विस्थापन म्हणजे घर पडतं तो दिवस, असं आम्ही समजत होतो. त्याआधीची वीस वर्षं आमच्या हिशोबात कधी आली नव्हती.

भूसंपादनाचा जुना कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्यात 'सार्वजनिक प्रयोजन' एवढं म्हटलं की मालकाला हो-नाही म्हणायची जागा फारशी उरत नव्हती, भांडण फक्त भावाचं. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून आला. त्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आहे, आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे आणि सरकारने खासगी भागीदारीत प्रकल्प करायचा असेल तर सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती आहे. ज्याची जमीन २०१४ च्या आधी गेली आणि ज्याची नंतर, त्या दोन शेजाऱ्यांची तुलना कुठल्याही पारावर बसून ऐकावी. आपल्या राज्यात नवी मुंबईच्या शेतकऱ्यांनी १९८४ मध्ये गोळ्या झेलल्या, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे तिथल्याच विमानतळासाठी दहा गावं उठली, तेव्हा साडेबावीस टक्क्यांची योजना आली.

नागपुरात आणखी एक व्यवहार झाला. दुसऱ्या धावपट्टीसाठी हवाई दलाची २७८ हेक्टर जमीन हवी होती. बदल्यात हवाई दलाला गवसी मानापूरला ४०० हेक्टर देण्याचं ठरलं. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, द्यायलाच हवी होती. आम्ही फक्त एवढंच पाहतो की समोर बरोबरीचा असला की घेतल्यापेक्षा जास्त जमीन परत देता येते.

आता दुसरी बाजू. ती आमच्याच घरात आहे. आमचा भाचा मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आधी तो पुण्यात होता, महिन्यातून एकदा घरी यायचा, आता शनिवारी आईच्या हातचं जेवतो. नानींचे गुडघे एम्समध्ये दाखवले, ते एम्स याच जमिनीवर उभं आहे. तिथल्या रांगेत गडचिरोलीपासूनची माणसं भेटली. भाचा म्हणतो, "मामू, एकच धावपट्टी असली की दुरुस्ती निघाली तरी विमानं थांबतात. आपले हाजी इथून जावेत, संत्री इथून दुबईला जावीत, आणि विस्तार मात्र नको, असं कसं चालेल?" त्याचं म्हणणं आम्हाला खोडता येत नाही. फुफी वयाच्या सत्तरीत मुंबईच्या धक्क्यांशिवाय गेली, हे काही थोडं नाही.

पण याच भाच्याने जयताळ्याकडे फ्लॅट घेतलाय आणि त्याची सहा महिन्यांची मुलगी रात्रीच्या विमानाला दचकून उठते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विमानतळांसाठी २०१८ मध्ये वेगळी, सैल मर्यादा आली. बाळाला हे दोन नियम वेगळे असल्याचं सांगता येत नाही. दुसरी धावपट्टी झाली की विमानं वाढणार, आणि जयताळा, सोनेगाव, मनीषनगर, बेसा या वस्त्या तर रोज वाढतायत. आधी विमानतळ होतं, तुम्ही मागून राहायला आलात, असं फ्लॅटवाल्यांना म्हणता येईल. शिवणगावला ते म्हणता येणार नाही.

हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. लंडनच्या हीथ्रोजवळ हार्मंड्सवर्थ आणि सिपसन ही गावं तिसऱ्या धावपट्टीच्या छायेत कित्येक वर्षं अशीच जगतायत, कधी मंजुरी, कधी स्थगिती, पुन्हा मंजुरी. जपानचं नारिता आम्हाला जास्त आठवतं. १९६६ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या गावावर विमानतळ ठरवलं. त्यानंतरच्या लढ्यात दोन्हीकडची माणसं मेली, विमानतळ १९७८ मध्ये कसंबसं सुरू झालं. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये झाली ती ठरल्यापेक्षा आखूड, कारण मध्ये काही शेतकरी हलले नाहीत. शेवटी सरकार त्यांच्याबरोबर एका टेबलावर बसलं, सक्तीने जमीन घेणार नाही असं कबूल केलं, आणि १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी माफी मागितली. माफीला जवळपास तीस वर्षं लागली. फुफीने गल्लीतली माफी दोन दिवसांत उरकली होती, पण तिच्या हिशोबात दोनशे रुपयेच होते.

आणि आमचा हिशोब? आजींनी चहाच्या कपातून वर पाहत विचारलं, "तुमचं कुठी हाय घर? वर्धेलेच? इकडं काई घेतलं का नाई?" सगळेच घेतात, म्हणून त्यांनी सहज विचारलं. आमचा एक प्लॉट आहे, वर्धा रोडला, जामठ्याच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी दागिने मोडून घेतला. कोनशिलेची बातमी आली त्या आठवड्यात एजंटचा फोन आला होता, भाव चढला म्हणून, आणि आम्ही मिठाई आणली होती. तो लेआउट कुणाच्या वावरावर पडलाय, सातबाऱ्यावर आधीचं नाव कुणाचं, हे आम्ही कागद तपासताना वाचलं होतं, टायटल साफ आहे का एवढंच पाहायला. आजींना आम्ही खरं सांगितलं. "चांगलं केलं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरला म्हणाला, "अब्बू, त्या अब्बासांना तीन ऑप्शन होते आणि वर नाही म्हणायचा पण होता ना?"

"होता," आम्ही म्हणालो.

जाताना चिंचभुवनकडून गेलो. पुनर्वसनाच्या वसाहतीत सरळ गल्ल्या, पक्की घरं, काही दारांत तुळस, काही घरं अजून अर्धी. शिवणगावहून आलेला एक दुकानदार म्हणाला, रस्ता चांगला आहे, पोरांना कॉलेजला मेट्रो मिळते. पण जनावरं विकावी लागली, इथे गोठ्याला जागा नाही. विमानांचा आवाज इथेही येतो. मेट्रोचं तर गंमतच आहे. २०१९ पासून या मार्गावर 'एअरपोर्ट', 'एअरपोर्ट साउथ' आणि मग 'न्यू एअरपोर्ट' अशी स्थानकं आहेत. नवं विमानतळ अजून यायचंय, त्याच्या नावाचं स्थानक केव्हाच उभं आहे आणि गाडी तिथे रोज थांबते.

चाळीसेक दिवसांनी हाजी परतले. फुफी सावळी झाली होती, आवाज बसला होता, आणि फुफाजी सगळ्यांना मदिन्याच्या त्या जुन्या हद्दीबद्दल सांगत सुटले होते. आम्ही शिवणगावची गोष्ट फोनवर सांगितली होती, ती फुफी विसरली नव्हती. झमझमची बाटली आणि अजवा खजुराची पुडी तिने वेगळी काढून ठेवली होती. "त्या बाईचं घर उभं आहे ना अजून? चल, मला ने."

घर उभं होतं. बाजूचं एक कमी झालं होतं. आजींनी फुफीला ओट्यावर बसवलं, पदराचं टोक हातात घेऊन खजूर मोजले, घरात किती माणसं, बहिणीकडे किती, आणि तेवढे वेगवेगळे ठेवले. फुफीने आपल्या सवयीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आमचं विमान तुमच्या डोक्यावरूनच गेलं असेल. माफ करा."

"माफी कशाची वं माय," आजी म्हणाल्या, "तू तं देवाच्या घरी..." आणि थांबल्या. फुफीला वाटलं, त्यांना भरून आलं. ती काही बोलणार तेवढ्यात विमान आलं आणि गेलं.

"...गेल्ती," आजी म्हणाल्या. "माफी मांगाची तं ज्याईनं मांगाची त्याईनं मांगावं. खजूर गोड हाय. चहा ठेवू का?"